‘पिस्तूल साफ करताना गोळी सुटली’: हत्यार नेमकं किती वेळा साफ करायचं आणि अपघात कशामुळे होतो?

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायाला गोळी लागल्याची बातमी आली. मुंबईतल्या जुहू इथल्या घरी त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून ही गोळी सुटली होती. ते कोलकात्याला जायच्या तयारीत होते. रिव्हॉल्व्हर साफ करताना गोळी सुटल्याचं सुरुवातीच्या काही बातम्यांमध्ये म्हटलं होतं. नंतर त्यांच्या व्यवस्थापकांनी सांगितलं, की रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं. शस्त्रक्रिया करून गोळी काढण्यात आली आणि काही दिवसांनी ते घरी परतले.

त्यानंतर साधारण तीन महिन्यांनी, १० जानेवारी २०२५ च्या रात्री, पंजाबमधल्या लुधियाना पश्चिमचे आमदार गुरप्रीत गोगी यांचा त्यांच्याच परवानाधारक पिस्तुलाची गोळी लागून मृत्यू झाला. हत्यार हाताळताना चुकून गोळी सुटल्याचं कुटुंबीयांनी सांगितल्याची माहिती तेव्हा पोलिसांनी दिली होती.

अशी बातमी आली की सोशल मीडियावर दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया उमटतात. एक संशयाची: “साफ करताना गोळी सुटतेच कशी?” आणि दुसरी सल्ल्याची: “हत्यार वेळच्या वेळी साफ केलं नाही, म्हणून असं झालं.” यातला पहिला प्रश्न रास्त आहे. दुसरा निष्कर्ष मात्र बहुतेक वेळा चुकीचा असतो. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर किती वेळा साफ करायचं आणि त्याला तेल कधी द्यायचं, याचं उत्तर तसं सोपं आहे. पण अपघात टाळणारी गोष्ट त्या वेळापत्रकात नाही. ती सफाई सुरू करण्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात असते.

आधी एक शब्द: ‘मिसफायर’ म्हणजे काय?

अशा घटनांच्या बातम्यांत ‘रिव्हॉल्व्हर मिसफायर झालं’ असं सर्रास लिहिलं जातं. तांत्रिक भाषेत ‘मिसफायर’चा अर्थ याच्या अगदी उलट आहे. ट्रिगर ओढला, काडतुसाच्या बुडावर ठोका बसला आणि तरीही गोळी सुटली नाही, तर त्याला मिसफायर म्हणतात. नको असताना गोळी सुटणं हा वेगळा प्रकार आहे. त्याचं कारण यांत्रिक दोष असेल तर तो अपघात आणि हाताळणाऱ्याची चूक असेल तर निष्काळजीपणा.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. मळलेलं, गंजलेलं हत्यार बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचा त्रास देतं. म्हणजे गरज असताना ते चालत नाही किंवा मध्येच अडकतं. मळामुळे गोळी आपोआप सुटण्याचे प्रकार क्वचित घडतात. उदाहरणार्थ, काडतुसावर ठोका देणारी पिन घट्ट झालेल्या तेल-मळामुळे पुढे आलेल्या स्थितीतच अडकून राहिली, तर काही हत्यारांत काडतूस भरतानाच गोळी सुटू शकते. पण ‘साफ करताना गोळी सुटली’ अशा घटनांमागचं नेहमीचं कारण मळ नसतं. हत्यार रिकामं आहे, असा गैरसमज हे ते कारण असतं.

हत्यारात साचतं तरी काय?

गोळी झाडली की काडतुसातली दारू जळते आणि तिची काजळी नळीत, चेंबरमध्ये आणि हलत्या भागांवर बसते. गोळी शिशाची असेल तर शिशाचा पातळ थर नळीच्या आतल्या खाचांमध्ये चिकटतो. तिच्यावर तांब्याचं आवरण असेल तर तांब्याचे कण चिकटतात. काडतुसाच्या बुडाशी असलेल्या प्रायमरचाही अवशेष उरतो. या सगळ्यात आधीचं तेल मिसळलं की चिकट काळपट राप तयार होतो आणि सुटे भाग जड चालायला लागतात.

हत्यार झाडल्या झाडल्या साफ करायची लष्करी शिस्त कडक असण्यामागे एक जुनं कारण आहे. पूर्वीच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की मिठासारखा क्षार मागे राहायचा. हा क्षार हवेतला ओलावा ओढून घ्यायचा आणि दमट हवेत नळीला एका रात्रीतही गंज धरायचा. म्हणून सैनिक नळीत गरम पाणी ओतून क्षार विरघळवत, मग ती कोरडी करून तेलाचा हात फिरवत. आजच्या बहुतेक काडतुसांत असा क्षार निर्माण होत नाही, त्यामुळे घाई थोडी कमी झाली आहे. पण काजळी, शिसं आणि हवेतला दमटपणा तर आहेच. त्यामुळे मूळ नियम बदललेला नाही.

निष्काळजीपणाची किंमत किती मोठी असू शकते, याचा धडा अमेरिकी लष्कराला व्हिएतनाम युद्धात मिळाला. १९६० च्या दशकाच्या मध्यावर सैनिकांच्या हाती नवी एम-१६ रायफल देण्यात आली. तिला फारशी सफाई लागत नाही, असा समज पसरला होता आणि सफाईचं साहित्यही पुरेसं दिलं गेलं नव्हतं. त्यात काडतुसातली दारू बदललेली होती आणि चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. ऐन लढाईत रायफली अडकू लागल्या आणि सैनिकांचे जीव गेले. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने या प्रकरणाची चौकशी करून कडक ताशेरे ओढले. पुढे रायफलीत बदल झाले, सफाईचं साहित्य मिळालं, प्रशिक्षण दिलं गेलं आणि तक्रारी बऱ्याच कमी झाल्या.

मग किती वेळा साफ करायचं?

सगळ्यांना एकच आकडा लागू होत नाही. हत्यार कसं वापरलं जातं आणि कुठे ठेवलं जातं, यावर ते अवलंबून आहे. उत्पादकांच्या पुस्तिका आणि अनुभवी हत्यारतज्ज्ञांची पद्धत यांचा ढोबळ मेळ घातला तर चित्र असं दिसतं:

• गोळी झाडली असेल तर: शक्यतो त्याच दिवशी, एकच गोळी झाडली असली तरी. नळी, चेंबर आणि काजळी बसलेले भाग साफ करून तेलाचा पातळ हात द्यावा.

• रोज अंगावर बाळगत असाल तर: आठवड्यातून एकदा बाहेरून पुसावं, महिन्यातून एकदा नीट सफाई करावी. घाम, धूळ आणि कपड्यांची लव हत्याराच्या फटींमध्ये जाते.

• हत्यार कपाटात किंवा तिजोरीत असेल तर: कोरड्या हवेत दोन-तीन महिन्यांतून एकदा, पावसाळ्यात आणि किनारपट्टीवर महिन्यातून एकदा. गोळी झाडलेली नसली, तरी गंज लागायचा थांबत नाही.

• भिजलं, खाऱ्या हवेत राहिलं किंवा वाळू-चिखल लागला तर: लगेच. दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

• नवीन हत्यार घेतलं असेल तर: पहिल्यांदा झाडण्याआधी. कारखान्यातून येताना लावलेलं जाड तेल गंजापासून रक्षण करण्यासाठी असतं. ते पुसून पुस्तिकेत सांगितलेल्या जागी वंगण द्यावं.

• बरेच दिवस दुसऱ्याच्या ताब्यात राहून परत आलं असेल तर: हातात आल्याबरोबर तपासणी आणि सफाई.

यात पुस्तिकेला पर्याय नाही. कोणता भाग मालकाने सुटा करायचा आणि कोणता कुशल कारागिरावर सोडायचा, हे प्रत्येक हत्यारासाठी वेगळं असतं.

जास्त सफाईनेही नुकसान होतं का?

होतं. नळीच्या तोंडाकडून लोखंडी सळई जोरात आत-बाहेर केली तर तोंडाची कड झिजते. गोळी नळीतून बाहेर पडताना याच कडेचा शेवटचा स्पर्श तिला होतो. तिथे ओरखडा पडला तर नेम बिघडतो. म्हणून जिथे शक्य असेल तिथे ब्रश चेंबरच्या बाजूने घालतात. रिव्हॉल्व्हरमध्ये तसं करणं अवघड असतं, त्यामुळे हात अधिक सावध लागतो. दर महिन्याला आतले स्क्रू आणि पिना खोलत राहिल्या तर त्यांचीही झीज होते.

स्पर्धेसाठी .२२ चं पिस्तूल वापरणारे काही नेमबाज नळी मुद्दाम कमी वेळा साफ करतात. पूर्ण चकचकीत नळीतून सुटलेल्या पहिल्या काही गोळ्यांचा नेम थोडा हलतो, असा त्यांचा अनुभव असतो. पण ते हलते भाग मात्र नियमित पुसतात आणि त्यांना वंगण देतात. शिवाय ते सतत सराव करत असल्यामुळे हत्यारात होणारा बदल त्यांच्या लगेच लक्षात येतो. वर्षानुवर्षं एकही गोळी न झाडणाऱ्या परवानाधारकाने त्यांची नक्कल करण्यात अर्थ नाही.

तेल कोणतं आणि किती?

सर्वात जास्त गैरसमज इथे आहेत. ‘तेल जितकं जास्त तितकं चांगलं’ हा त्यातला पहिला. जादा तेल धूळ आणि काजळी धरून ठेवतं, जुनं झालं की घट्ट होतं. ते चेंबरमध्ये ओघळून काडतुसाच्या प्रायमरपर्यंत पोहोचलं तर काडतूस निकामी होऊ शकतं. म्हणजे हत्यार सुरळीत चालावं म्हणून दिलेलं तेलच मिसफायरचं कारण ठरतं. एकमेकांवर घासणाऱ्या धातूच्या भागांना प्रत्येकी एखादा थेंब आणि बाकी पृष्ठभागावर तेलाचा हात फिरवलेल्या फडक्याचा स्पर्श, एवढं पुरतं. गोळी झाडण्याआधी नळी कोरडी पुसलेलीच असायला हवी. नळीत साचलेलं तेल किंवा राहून गेलेली चिंधी हा अडथळा ठरतो आणि आतला दाब धोकादायक वाढू शकतो.

दुसरा गैरसमज घरगुती तेलांचा. खोबरेल तेल हाताशी असतं, पण साधारण २४ अंशांच्या खाली ते थिजतं. नाशिक किंवा नागपूरच्या थंडीत कपाटातल्या हत्याराच्या बारीक भागांत ते गोठलेलं असेल. गोडेतेल आणि इतर खाद्यतेलं हवेच्या संपर्कात चिकट होऊन गोंदासारखी बसतात. शिलाई मशीनचं तेल हलकं खनिज तेल असतं, त्यामुळे ते त्यातल्या त्यात निरुपद्रवी. पण ते लवकर उडतं आणि गंजापासून फार काळ वाचवत नाही. बिजागऱ्यांवर मारायचे गंजनाशक स्प्रे ओलावा हटवायला उपयोगी पडतात, मात्र ते टिकाऊ वंगण नव्हे. शिवाय असं पातळ द्रव काडतुसाच्या फटीत शिरू शकतं. हत्यारांसाठीचंच तेल थोडं महाग पडतं, पण छोटी बाटली अनेक वर्षं पुरते.

पावसाळा, घाम आणि चामडी म्यान

मुंबईत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर त्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. अशा हवेत बोटांचा ठसासुद्धा गंजाला पुरेसा होतो, कारण घामात मीठ असतं. हत्यार कुणाला दाखवलं, हाताळलं आणि तसंच ठेवून दिलं तर काही दिवसांनी त्याच ठशाच्या आकाराचा तांबूस डाग दिसतो.

आणखी एक नेहमीची चूक म्हणजे हत्यार महिनोन्‌महिने चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवणं. चामडं ओलावा धरून ठेवतं आणि ते कमावताना वापरलेल्या रसायनांचा अंशही त्यात असतो. होल्स्टर बाळगण्यासाठी आहे, साठवणीसाठी नाही. कपड्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळल्यानेही ओलावा आत कोंडला जातो. कोरडी, कुलूपबंद पेटी आणि तिच्यात सिलिका जेलच्या पुड्या हा साधा उपाय आहे. पुड्या ओल्या झाल्या की बदलायच्या. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवायची.

‘साफ करताना’ गोळी सुटते कशी?

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांची रचना वेगळी आहे, म्हणून चुकाही वेगळ्या होतात.

पिस्तुलाच्या मुठीत मॅगझीन असतं. त्यात काडतुसं एकावर एक रचलेली असतात. वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढून सोडली की मॅगझीनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये जातं. सर्वात घातक गैरसमज इथे होतो: मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं. तसं होत नाही. चेंबरमध्ये गेलेलं एक काडतूस तिथेच राहतं आणि बऱ्याच पिस्तुलांत मॅगझीन नसतानाही ते झाडलं जातं.

दुसरी चूक क्रमाची. आधी स्लाइड ओढली आणि नंतर मॅगझीन काढलं, तर चेंबरमधलं जुनं काडतूस बाहेर पडतं, पण त्याच क्षणी मॅगझीनमधलं नवीन काडतूस आत जातं. बाहेर पडलेलं काडतूस डोळ्यांनी पाहिल्यामुळे हत्यार रिकामं झाल्याची खात्री वाटते. प्रत्यक्षात ते भरलेलं असतं.

तिसरी गोष्ट रचनेशी संबंधित आहे. ग्लॉकसारखी काही आधुनिक पिस्तुलं साफसफाईसाठी खोलताना आधी ट्रिगर ओढावाच लागतो, त्याशिवाय स्लाइड निघत नाही. चेंबर रिकामं असेल तर फक्त ‘टक’ असा आवाज येतो. रिकामं नसेल तर गोळी सुटते. ‘साफ करताना गोळी सुटली’ हे वाक्य अशा वेळी शब्दशः खरं असू शकतं. पण दोष सफाईचा नसतो. चेंबर न पाहता ट्रिगर ओढला, हे खरं कारण.

रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसं फिरत्या चक्रीत असतात. चक्री उघडली की ती दिसतात, त्यामुळे तपासणं सोपं. पण जुन्या रचनेच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये ठोका मारणारा हॅमर थेट काडतुसाच्या बुडावर टेकलेला असतो. असं हत्यार हॅमरच्या बाजूने जमिनीवर पडलं तर ट्रिगरला हात न लावता गोळी सुटू शकते. म्हणूनच जुने लोक हॅमरच्या समोरचं घर मोकळं ठेवत. नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये हा धोका टाळणारी यंत्रणा असते. पण ती झिजलेली नाही, हे तपासायला जाणकाराची नजर लागते. वडिलोपार्जित हत्यार घरात असणाऱ्यांसाठी ही तपासणी तेलापेक्षा महत्त्वाची आहे.

सफाईआधीचं अर्धं मिनिट

जगभरातल्या सैन्यदलांत, पोलीस दलांत आणि नेमबाजीच्या रेंजवर शिकवला जाणारा क्रम जवळपास सारखाच आहे:

• नळीचं तोंड सुरक्षित दिशेला. माणसाकडे नाही, स्वतःच्या हाता-पायाकडे नाही, पातळ भिंतीकडेही नाही.

• बोट ट्रिगरपासून लांब.

• पिस्तूल असेल तर आधी मॅगझीन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून तशीच अडकवायची. रिव्हॉल्व्हर असेल तर चक्री उघडून सगळी काडतुसं बाहेर.

• चेंबर डोळ्यांनी पाहायचं, बोटाने चाचपायचं आणि पुन्हा एकदा पाहायचं.

• काढलेली काडतुसं त्या टेबलावरच नव्हे, तर त्या खोलीतच ठेवायची नाहीत.

• मध्येच फोन आला, कुणी हाक मारली, उठावं लागलं, तर परतल्यावर तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

ट्रिगर ओढल्यावर गोळी सुटलीच नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबायचं. कधी कधी दारू उशिरा पेट घेते. लगेच नळीत डोकावणं हा सर्वात वाईट प्रतिसाद.

सफाईची जागा मोकळ्या हवेची असावी. द्रावणं ज्वलनशील असतात, त्यामुळे गॅस, समई किंवा सिगारेट जवळ नको. काजळीत शिशाचे कण असतात, म्हणून खात-पीत सफाई करू नये आणि नंतर साबणाने हात धुवावेत. लहान मुलं आसपास असताना हे काम काढूच नये.

गरज पडली तेव्हा बंदूक चाललीच नाही

दुसऱ्या बाजूची उदाहरणंही भारतात कमी नाहीत. बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्रा यांच्यावर २१ ऑगस्ट २०१९ ला सुपौल जिल्ह्यात शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. मानवंदना देताना पोलिसांच्या एकाही रायफलीतून गोळी सुटली नाही. तत्कालीन मुख्यमंत्री नितीशकुमार तिथे उपस्थित होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या संभलमध्ये चकमकीदरम्यान हत्यार अडकलं आणि पोलीस तोंडाने ‘ठाँय ठाँय’ ओरडू लागले. तो व्हिडिओ देशभर फिरला, त्यावर विनोद झाले. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच राज्यातल्या खलीलाबादमध्ये वरिष्ठांच्या तपासणीदरम्यान एका उपनिरीक्षकाने नळीच्या तोंडातून गोळी आत टाकली, तोही व्हिडिओ व्हायरल झाला.

प्रत्येक घटनेचं कारण वेगळं असू शकतं: जुनी काडतुसं, जुनं हत्यार, देखभालीचा किंवा सरावाचा अभाव. पण हसून सोडून द्यावं असं त्यात काही नाही. प्रशिक्षित दलांमध्ये शस्त्रागार असतं, आर्मरर असतो, तपासणीचं वेळापत्रक असतं. तिथे ही स्थिती होऊ शकते, तर कपाटाच्या वरच्या खणात वर्षानुवर्षं पडून असलेल्या रिव्हॉल्व्हरची स्थिती काय असेल, याची कल्पना करता येते.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्र परवाने होते. त्यातले १२ लाख ७७ हजारांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात, तर महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. भारतात ९ मिलिमीटरचं पिस्तूल सर्वसामान्य नागरिकाला मिळत नाही. त्यामुळे परवान्यावर प्रामुख्याने .३२ बोअरची रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलं दिसतात.

शस्त्र नियम २०१६ मध्ये परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यांसाठी सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आहे. त्यात हत्यार सुरक्षित हाताळणं, साठवणं आणि त्याची निगा राखणं हे विषय येतात. म्हणजे सफाई ही मालकाच्या हौसेची बाब नाही, ती परवान्याबरोबर येणारी जबाबदारी मानली गेली आहे.

दुरुस्तीचं मात्र वेगळं आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार हत्यारांची दुरुस्ती करण्यासाठी परवाना लागतो. ओळखीच्या लेथवाल्याकडे किंवा गॅरेजमध्ये हत्यार नेणं बेकायदेशीर ठरू शकतं. स्वतःचं हत्यार पुसणं, तेल देणं यात अडचण नाही. पण ते साफ करायला चालकाकडे किंवा घरातल्या कामगाराकडे सोपवता येत नाही. दुरुस्ती किंवा नूतनीकरणासाठी हत्यार दुसऱ्या कुणी न्यायचं असेल, तर परवानाधारक सोबत हवा किंवा त्याने लेखी अधिकार दिलेला हवा.

२०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या हत्यारांची संख्या तीनवरून दोनवर आली. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली. लग्न-मिरवणुकीतला किंवा निष्काळजीपणाचा गोळीबार, ज्यामुळे इतरांच्या जिवाला धोका होतो, त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. हलगर्जीपणामुळे कुणाला इजा किंवा मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेची कलमंही लागू होतात. ‘साफ करत होतो’ हा बचाव आपोआप मान्य होत नाही.

निवडणूक आणि जमा केलेलं हत्यार

मालकाची शिस्त चांगली असली तरी एका प्रसंगी हत्यार त्याच्या हाती नसतं. निवडणूक जाहीर झाली की जिल्हा पातळीवर परवान्यांचा आढावा घेतला जातो आणि अनेकांना हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं जातं. २०२४ मध्ये महाराष्ट्रात हे दोनदा झालं. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला लागले. विधानसभेची घोषणा १५ ऑक्टोबरला झाली आणि निकाल २३ नोव्हेंबरला आले.

लोकसभेच्या वेळी जमा केलेलं हत्यार अडीच महिन्यांहून अधिक काळ ठाण्यात राहू शकलं आणि परत मिळेपर्यंत पाऊस दाराशी आला होता. म्हणून जमा करण्याआधी ते रिकामं करणं, साफ करणं, तेलाचा पातळ हात देणं आणि पावतीवर क्रमांक नीट तपासणं महत्त्वाचं. परत घेतानाही तेच. आपण दिलं तेव्हा रिकामं होतं, म्हणून आताही रिकामंच असेल, असं गृहीत धरून ते उघडायचं नाही.

थोडक्यात

झाडलं तर त्याच दिवशी, पावसाळ्यात महिन्याला, एरवी दोन-तीन महिन्यांनी, आणि तेल थेंबाने. वेळापत्रक एवढंच आहे. ते चुकलं तर हत्याराला गंज लागेल, कदाचित गरजेच्या वेळी ते चालणार नाही. चेंबर पाहायचं एकदा जरी चुकलं तरी त्याची किंमत गंजापेक्षा फार मोठी असते आणि ती अनेकदा शेजारी बसलेल्या माणसाला मोजावी लागते.

परवान्याचं नूतनीकरण आता पाच वर्षांनी होतं. मधल्या काळात हत्यार कोणत्या अवस्थेत आहे आणि ते हाताळणाऱ्याला शिकलेलं आठवतंय का, हे पाहण्याचं काम मुख्यतः मालकाचंच आहे. ज्यांना हे नियमित जमणार नाही, त्यांच्यापुढे एक मार्ग कायद्यात आहेच: हत्यार अधिकृत विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करणं. वापर नाही, सराव नाही आणि निगाही नाही, असं हत्यार घरात ठेवल्याने सुरक्षितता वाढत नाही.